आग्वादचा दीपस्तंभ : इमारत राहिली, नोंद राखायची आहे

‘दीपस्तंभ’ हा शब्द ऐकला की पेडणे-डिचोलीकडच्या जुन्या घरांत वाढलेल्या माणसाला आधी देवळापुढचा स्तंभ आठवतो. त्रिपुरारी पौर्णिमेच्या रात्री त्याच्या कोनाड्यांतून पणत्या लागतात, आणि त्याच रात्री साखळीजवळच्या विठ्ठलापुरात वाळवंटीच्या पात्रात सजवलेल्या नौका उतरतात. तो दीपस्तंभ माणसाला जवळ बोलावतो. समुद्रकाठचा दीपस्तंभ नेमके उलट काम करतो. ‘इथे खडक आहे, इथे नदीचे मुख आहे, अंतर राखून जा’ असे तो परक्या, न पाहिलेल्या खलाशाला सांगतो. देवळापुढचा स्तंभ सणावाराला उजळतो. दर्यावरच्या स्तंभाला एका रात्रीचीही सुट्टी नसते. गोव्यात पोर्तुगीज भाषेतून आलेला ‘फारोल’ हा शब्द या दुसऱ्या दीपस्तंभासाठी आपल्या वाडवडिलांच्या कानावर होता.

वाचकहो, या लेखाचा विषय गोव्यातला सर्वांत प्रसिद्ध फारोल, म्हणजे आग्वाद किल्ल्यावरचा जुना दीपस्तंभ हा आहे. तो बारदेशात, कांदोळी-सिकेरीच्या टेकडीवर आहे. आपल्या तालुक्यांत नाही. तरीही तो आपला कसा, हे पुढे येईलच. मला मुख्यतः एकच गोष्ट मांडायची आहे. या दीपस्तंभाची इमारत उभी आहे, तिला कायद्याचे संरक्षण आहे, तिच्याभोवती पर्यटकांची गर्दी आहे. मात्र त्याचा इतिहास म्हणून जे सांगितले जाते, त्यातली काही विधाने एकमेकांशी जुळत नाहीत. वास्तू जपताना तिची नोंद बिघडू दिली, तर पुढच्या पिढीच्या हाती चुना-दगडाचे पोकळ नळकांडे तेवढे उरेल.

पाण्याचा किल्ला

आग्वाद या नावात ‘आग्वा’, म्हणजे पाणी आहे. किल्ल्याच्या आवारात गोड्या पाण्याचे झरे होते, आणि दूरच्या सफरीहून आलेली गलबते इथे पाणी भरून घेत. किल्ल्याच्या मधोमध असलेल्या विस्तीर्ण टाक्याची क्षमता सुमारे २३ लाख ७६ हजार गॅलन सांगितली जाते. किल्ला १६१२ मध्ये पूर्ण झाला. त्या काळी पोर्तुगिजांना डचांच्या आरमाराची धास्ती होती. मांडवीच्या मुखातून शत्रू आत शिरला, तर राजधानी, म्हणजे आजचे जुने गोवे, थेट त्याच्या हाती पडणार होते. म्हणून नदीच्या उत्तर तीरावर समुद्रात घुसलेल्या या टेकडीवर तोफा चढल्या.

आपल्या तालुक्यांतल्या पूर्वजांनी हा किल्ला पाहिला तो पलीकडच्या बाजूने. १७३९ मध्ये मराठे आणि वाडीचे सावंत यांच्या फौजा बारदेशात पसरल्या, तेव्हा आग्वाद आणि रेइश मागुश हे दोन किल्ले मात्र पोर्तुगिजांच्या हाती टिकून राहिले. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत. पेडण्याचे साल १७८८. पोर्तुगिजांनी या मुलखाला ‘नव्या काबिजादी’ म्हटले. जुन्या काबिजादींना तोवर अडीच शतके उलटून गेली होती. म्हणजे पावणेदोनशे वर्षे आग्वाद हा आपल्या दृष्टीने परमुलखातला, तोफा रोखून बसलेला किल्ला होता. नेपोलियनच्या युद्धांच्या काळात गोव्यात इंग्रजांचे सैन्य तळ देऊन होते आणि आग्वादवरही त्यांची शिबंदी होती.

त्यानंतर या तोफांना फारसे काम राहिले नाही. याच किल्ल्यात दीपस्तंभाला जागा मिळाली. ज्या माथ्यावरून शत्रूची गलबते हेरायची, त्याच माथ्यावरून कोणत्याही गलबताला वाट दाखवायची, असा हा बदल होता.

उंची आणि उजेड

जुना दीपस्तंभ १८६४ चा म्हणून ओळखला जातो. गोल, पांढरा, चार टप्प्यांनी वर चढत गेलेला, आणि तसा बुटकाच. पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटते, समुद्रावरचा दीपस्तंभ एवढासा कसा? उंचीचे काम टेकडीने आधीच करून ठेवले आहे, हे त्याचे कारण. खलाशाच्या दृष्टीने स्तंभाची उंची गौण असते. दिवा समुद्रसपाटीपासून किती वर आहे हे महत्त्वाचे. पृथ्वी गोल असल्यामुळे दूरचा दिवा क्षितिजाखाली दडतो. साधा हिशोब मांडला तर समुद्रसपाटीपासून ८० मीटरवर असलेला दिवा, पाण्यापासून ५ मीटर उंच डेकवर उभ्या असलेल्या माणसाला सुमारे २३ सागरी मैलांवरून, म्हणजे ४३ किलोमीटरवरून दिसू शकतो. अर्थात दिव्याचे तेज तेवढे असेल आणि हवा स्वच्छ असेल तर. आग्वादहून तेरेखोलच्या मुखाचे सरळ अंतर २५ ते ३० किलोमीटरच्या दरम्यान भरते. म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या पेडण्याच्या किनाऱ्यासमोरच्या दर्यात रात्री चालणारे गलबत आग्वादच्या दिव्याच्या टप्प्यात येते. उत्तरेकडून, वेंगुर्ल्याच्या खडकांना वळसा घालून खाली येणाऱ्या तांडेलाला मांडवी जवळ आल्याची पहिली खूण या टेकडीवर दिसणार.

ती खूण गरजेची होती. १८४३ मध्ये पणजी ही पोर्तुगीज हिंदुस्थानची अधिकृत राजधानी झाली होती, आणि पणजीला येणारी वाट मांडवीच्या मुखातून होती. त्या मुखाशी वाळू साचते, आणि दक्षिणेला काबोचे टोक आहे. अंधारात या दोन टोकांमधली फट हुकली तर जहाज वाळूत रुतायचे किंवा खडकावर जायचे.

दिवा मोठा असून भागत नाही; तो ओळखू यावा लागतो. किनाऱ्यावर रात्री अनेक उजेड असतात. कुठे कोळ्यांची मशाल, कुठे चर्चमधला दिवा, कुठे एखादी आग. म्हणून प्रत्येक दीपस्तंभाला ठरावीक काळाने दिसण्या-लपण्याची स्वतःची चाल दिलेली असते. फिरत्या दिव्याचा झोत विशिष्ट अंतराने समुद्रावरून जातो. खलाशी घड्याळ धरून तो काळ मोजतो, दीपसूचीत पाहतो आणि ‘हा अमुक दिवा’ असे ठरवतो. एकोणिसाव्या शतकात फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्तँ फ्रेनेल याने काचेच्या पट्ट्यापट्ट्यांचे भिंग तयार केले, त्यामुळे साध्या तेलाच्या दिव्याचा उजेडही गोळा होऊन दूरवर जाऊ लागला. ते भिंग फिरवायला वजनांवर चालणारे घड्याळयंत्र असे. राखणदाराने रात्रभर जागून वजने वर ओढायची, वात कापायची, काच पुसायची, आणि सूर्यास्ताला दिवा लावल्याची व सूर्योदयाला मालवल्याची नोंद वहीत करायची, अशी जगभरच्या दीपगृहांची शिस्त होती. दिव्याइतकीच ती वही महत्त्वाची. एखादे जहाज फुटले तर ‘त्या रात्री दिवा चालू होता काय?’ हा पहिला प्रश्न असे, आणि त्याचे उत्तर वहीत सापडे.

सात मिनिटे आणि तीस सेकंद

आग्वादविषयी एक मजकूर सर्वत्र वाचायला मिळतो. दीपस्तंभ १८६४ मध्ये बांधला. आरंभी त्याचा उजेड सात मिनिटांतून एकदा दिसे. १८३४ मध्ये त्यात सुधारणा होऊन तो दर तीस सेकंदांनी दिसू लागला. १९७६ मध्ये तो बंद झाला. हा मजकूर एकदा शांतपणे वाचून पाहावा. १८६४ मध्ये बांधलेल्या दिव्यात १८३४ मध्ये सुधारणा कशी होईल? नातू जन्माला आला आणि मग आजोबांचे लग्न ठरले, अशातली ही गत. तरीही वर्षानुवर्षे हे वाक्य एका पुस्तिकेतून दुसरीत, एका मार्गदर्शकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडी चालले आहे.

या चुकीचे मोल तारखेपुरते नाही. सात मिनिटांतून तीस सेकंदांवर येणे म्हणजे काय, हे खलाशाच्या बाजूने पाहावे. ताशी ८ सागरी मैलांनी चाललेले जहाज सात मिनिटांत जवळजवळ पावणेदोन किलोमीटर पुढे जाते. दोन झोतांच्या मध्ये एवढे अंतर आंधळेपणाने कापायचे, आणि तेही नदीच्या मुखाशी. उजेड तीस सेकंदांनी येऊ लागला की हेच अंतर सव्वाशे मीटरच्या आत येते. चाल बदलली म्हणून किती जहाजांचा जीव भांड्यात पडला असेल, हे या एका हिशोबावरून कळते. असा बदल कोणत्या वर्षी झाला हा म्हणूनच मांडवीच्या नौकानयनाच्या इतिहासातला महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि आपण त्याचे उत्तर उलट्या क्रमाने छापून मोकळे झालो आहोत.

घंटेची गोष्ट याला जोडून पाहावी. जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनचा मठ, ज्याच्या मनोऱ्याचा उरलेला भाग आजही ४६ मीटर उंच उभा आहे, १८३५ मध्ये धर्मसंघांवर बंदी आल्यावर ओस पडला. त्याची प्रचंड घंटा आग्वादच्या फारोलावर नेली गेली आणि १८७१ मध्ये तिथून पणजीच्या चर्चला दिली गेली. पणजीच्या त्या शुभ्र पायऱ्यांवर, मध्यभागी उंच कमानीत दिसते ती हीच. जुन्या गोव्याच्या कॅथेड्रलमधल्या सोन्याच्या घंटेखालोखाल गोव्यात तिचाच मान. धुक्यात आणि पावसाच्या झडीत दिवा आंधळा होतो, तेव्हा आवाज कामाला येतो. म्हणून जगभर दीपगृहांवर घंटा असत. पणजीला जाताना आपण या घंटेकडे नक्की मान वर करून पाहिले असेल. एकदा ती मठातून निघून दर्यावर आणि दर्यावरून शहरात आली, एवढा प्रवास लक्षात ठेवून पाहावे.

आणखी एक विधान तपासण्याजोगे आहे : ‘आशियातील सर्वांत जुना दीपस्तंभ’. मुंबईत कुलाब्याला अठराव्या शतकातच दिवा लागला होता. मद्रासचा दगडी खांबासारखा दीपस्तंभ १८४४ चा. तो आजही चेन्नईत उच्च न्यायालयाच्या आवारात उभा आहे. १८६४ हे साल धरले तर आग्वादला हा मान देता येत नाही. तो न दिल्याने आग्वादचे काही बिघडतही नाही. आपल्या घराण्याचा मोठेपणा सांगताना शेजारच्या घराण्याची वंशावळ मिटवावी लागत नाही.

असा घोटाळा आपल्या घराजवळही आहे. पेडण्याच्या टोकाचा तेरेखोल किल्ला वाडीच्या सावंतांनी बांधला आणि १७४६ मध्ये पोर्तुगिजांनी घेतला. बेर्नार्दु पेरिश द सिल्व्हा या गोव्यात जन्मलेल्या पहिल्या कारभारप्रमुखाच्या बाजूने तिथे बंड झाले, आणि ते निर्दयपणे मोडून काढण्यात आले. कित्येक माहितीपत्रके या बंडाचे साल १८२५ देतात. पेरिश द सिल्व्हा यांनी सूत्रे घेतली जानेवारी १८३५ मध्ये, आणि काही दिवसांतच त्यांना पदच्युत केले गेले. त्यांच्या बाजूचे बंड त्यांच्या नेमणुकीच्या दहा वर्षे आधी होणे शक्य नाही. एका आकड्याची चूक. पण ज्या शिपायांनी तिथे प्राण दिले, त्यांच्या मरणाचे कारणच त्या चुकीने नाहीसे होते.

डिचोलीचे खनिज आणि आग्वादचे मुख

डिचोली तालुक्याला समुद्र नाही. तरीही गेल्या शतकाच्या उत्तरार्धात आग्वादच्या टेकडीशी सर्वांत जास्त संबंध आला तो डिचोलीचा. शिरगाव, साखळी आणि आसपासच्या खाणींतले लोहखनिज ट्रकांनी सारमानससारख्या मांडवीकाठच्या धक्क्यांवर यायचे, बार्जमध्ये भरले जायचे, आणि पणजी, रेइश मागुश, आग्वाद, काबो असे करत मुरगावच्या बंदराकडे निघायचे. चाळिशीच्या दशकाच्या अखेरीस सुरू झालेली ही निर्यात पुढे गोव्याच्या अर्थव्यवस्थेचा कणा बनली, ती २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत. किती घरांची चूल या वाटेवर पेटत होती! बार्जचे मालक, त्यावरचे सारंग-खलाशी, ट्रकवाले, धक्क्यावर मोजणी करणारे कारकून.

पावसाळा लागला की ही वाट बंद होई. आग्वादच्या खाली, मांडवीच्या मुखाशी वाळूचा उथळ पट्टा आहे. दर्या खवळला की त्यावर लाटा फुटतात आणि भरलेली बार्ज तिथून नेणे म्हणजे जुगार. म्हणून पावसाळ्यात बार्ज मुखापर्यंत न जाता कुंभारजुवे कालव्यातून जुवारीत उतरून मुरगावला जात. समुद्राला न भिडता दोन नद्या जोडणारा हा कालवा म्हणजे या बार्जांची आडवाट. सारंगाला आग्वादचा दिवा म्हणजे काय, हे सुक्या हंगामात पहाटे मुखाबाहेर पडताना आणि पावसाळ्यात ती वाट सोडताना, अशा दोन्ही वेळी कळत होते.

वाळूच्या या पट्ट्याची आणि पावसाळी दर्याची ताकद सगळ्या गोव्याने पाहिली ती जून २००० मध्ये. ‘रिव्हर प्रिन्सेस’ हे जहाज वादळी हवेत आग्वादच्या जवळच कांदोळीच्या किनाऱ्यावर येऊन रुतले आणि सुमारे बारा वर्षे तिथेच गंजत राहिले. पर्यटक त्याच्यासमोर छायाचित्रे काढत, आणि किनाऱ्याची वाळू सरकत राही. शेजारी नवा, विजेवर चालणारा दीपस्तंभ रोज रात्री आपले काम बिनचूक करत होता. दिवा धोका दाखवतो. जहाज हलवणे, जबाबदारी ठरवणे, किनारा वाचवणे ही कामे माणसांची. ती करायला आपल्याला तप लागले.

दिव्याखालचा अंधार

दीपस्तंभ टेकडीच्या माथ्यावर, आणि खाली पाण्यालगत तुरुंग. सालाझारच्या राजवटीत आग्वाद हे नाव गोमंतकीयांना ऐकू येई ते या तुरुंगाचे म्हणून. १९४६ मध्ये मडगावच्या सभेनंतर चळवळ पेटली, तेव्हा टी. बी. कुन्हा यांना आग्वादमध्ये कोंडून मग पोर्तुगालमधल्या पेनिश किल्ल्यात पाठवले गेले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर पुन्हा गोव्यात आलेल्या डॉ. राममनोहर लोहियांनाही आग्वादमध्येच ठेवले होते. पुढच्या पंधरा वर्षांत कित्येक सत्याग्रही या भिंतींमागे गेले. १५ ऑगस्ट १९५४ रोजी सत्याग्रहींनी तेरेखोलच्या किल्ल्यावर तिरंगा चढवला. १९ डिसेंबर १९६१ रोजी आग्वादमधील राजबंद्यांना सोडवायला गेलेले भारतीय लष्कराचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू तिथेच कामी आले.

‘दिव्याखाली अंधार’ ही म्हण आपण सहज वापरतो. इथे ती जागेचे अचूक वर्णन ठरते. परक्या देशाच्या जहाजाला वाट दाखवणारा उजेड वर, आणि स्वतःच्या देशाची वाट शोधणारी माणसे खाली. दीपस्तंभाचा इतिहास सांगताना तुरुंग वेगळा काढता येत नाही, कारण दोन्ही एकाच राजवटीने, एकाच टेकडीवर चालवले.

कोण काय राखते?

१९७६ मध्ये शेजारीच नवा दीपस्तंभ सुरू झाला आणि जुना थांबला. आज या टेकडीला तीन राखणदार आहेत. किल्ला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे. नवा दीपस्तंभ केंद्राच्या दीपगृह खात्याकडे. तुरुंग २०१५ मध्ये कोलवाळला हलल्यावर त्याची डागडुजी राज्य सरकारने केली आणि डिसेंबर २०२१ मध्ये तिथे संग्रहालय खुले झाले. त्याच वर्षी संसदेने १९२७ चा दीपगृह कायदा बाजूला सारून सागरी दिशादर्शक साधनांसाठी नवा कायदा केला. त्यात ‘वारसा दीपगृह’ अशी स्वतंत्र ओळख आहे : केंद्र सरकारच्या ताब्यातील जुनी दीपगृहे शिक्षण, संस्कृती आणि पर्यटन यांसाठीही वापरता यावीत असा तिचा हेतू. सप्टेंबर २०२३ मध्ये देशातला पहिला दीपगृह महोत्सव भरला तोही आग्वादलाच.

म्हणजे आस्था नाही असे म्हणता येणार नाही. प्रश्न पडतो तो जपण्याच्या रीतीविषयी. गोव्यातल्या जुन्या वास्तूंचा जांभा दगड पाणी पितो आणि सोडतो. त्यावर चुन्याचा गिलावा असला की भिंत श्वास घेते. सिमेंट थापले की खारी ओल आत कोंडते आणि काही पावसाळ्यांत दगड भुसभुशीत होतो. हे आपल्या जुन्या घरांच्या ओसऱ्यांवरून आपणा सर्वांना ठाऊक आहे. समुद्राच्या वाऱ्यात तर लोखंडी कठडेही फार दिवस टिकत नाहीत. तेव्हा दर काही वर्षांनी योग्य चुना, योग्य हात, आणि प्रत्येक दुरुस्तीची तारीखवार नोंद, हे वास्तूचे खरे औषधपाणी. रंगरंगोटीने पाहुण्यांपुरती शोभा येते.

चुन्याच्या गिलाव्यासारखीच माहितीचीही डागडुजी लागते. नवा फलक रंगवताना जुन्या फलकावरची चूक जशीच्या तशी उतरवली, तर तिला सरकारी शिक्का मिळतो आणि मग ती निघता निघत नाही.

नार्वेचा शिलालेख

याबाबतीत डिचोली तालुक्यातच एक चांगला दाखला आहे. नार्वेच्या श्रीसप्तकोटेश्वराच्या देवळाचा जीर्णोद्धार छत्रपती शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये आरंभला, आणि त्याची तिथी-वार-शकासह नोंद दगडावर कोरली. साडेतीनशे वर्षे झाली. त्या तारखेविषयी कुणाला वाद घालावा लागत नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये या देवळाच्या नव्या जीर्णोद्धाराचे लोकार्पण झाले. कोणी केले, केव्हा केले, हे वास्तूनेच सांगावे, ही आपल्याकडची जुनी रीत. तिच्यापासून दीपस्तंभाच्या फलकाने शिकायला हरकत नाही.

दुसरा दाखला माणसाचा. सत्तरीतल्या पिसुर्ले गावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर हे पोर्तुगीज राजवटीतच गोव्याच्या पुराभिलेखागाराचे प्रमुख झाले. या दप्तरखान्याचा आरंभ १५९५ चा. वाळवीने पोखरलेले आणि पावसाने भिजलेले कागद त्यांनी लावून घेतले, आणि त्यातून ‘पोर्तुगेज-मराठे संबंध’ हा ग्रंथ मराठीला दिला. परक्या सत्तेच्या दप्तरात आपला इतिहास दडला आहे, तो आपणच वाचायचा, हे त्यांनी कृतीने दाखवले. आग्वादच्या दिव्याचा बिघडलेला क्रम सुधारायची साधने त्याच दप्तरात शोधावी लागतील. १८३७ पासून निघालेल्या सरकारी ‘बोलेतिम’ची पाने वर्षावर्षाने पाहायची, दिवा लावल्याची, यंत्र बदलल्याची, तेलाच्या खर्चाची, राखणदाराच्या नेमणुकीची नोंद शोधायची. याला हुशारीपेक्षा चिकाटी जास्त लागते. पोर्तुगीज वाचणारी पिढी आता विरळ होत चालली आहे, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्यासारखे नाही. आपल्या घरात कुणी ज्येष्ठ पोर्तुगीज जाणणारे असतील, तर एखाद्या महाविद्यालयीन मुलाला त्यांच्या शेजारी बसवावे. तासभर दोघांनी मिळून एक पान वाचले तरी ते पान पुढच्या पिढीला कळेल.

दुसरी विनंती माळ्यावरच्या पेट्यांविषयी. ज्या घरांत बार्ज होत्या, तिथे फेऱ्यांच्या वह्या असतील. ज्या घरातले कुणी बंदर किंवा मीठ खात्यात नोकरीला होते, तिथे हुकूमनामे आणि पत्रे असतील. ज्या घरातले कुणी आग्वादच्या तुरुंगात होते, तिथे त्यांनी लिहिलेल्या चिठ्ठ्या असतील. आग्वादच्या टेकडीवर काढलेल्या एखाद्या जुन्या छायाचित्रात फारोलाचा काचेचा डोळा जागेवर दिसत असेल. छायाचित्राच्या पाठीवर साल लिहिलेले असले तर सोन्याहून पिवळे. यातले मूळ कुणालाही देऊन टाका असे मी म्हणत नाही. घरातला कागद घरातच राहू द्या. फक्त त्याची स्वच्छ प्रत काढून, कुणाची, कुठली, कोणत्या सालची हे मागे लिहून, पुराभिलेखागाराला किंवा गावच्या वाचनालयाला द्या. आणि आग्वादला पाहुण्यांना घेऊन गेलात, तर त्यांना फलक वाचून दाखवताना त्यातली सालेही जुळवून दाखवा. मुलांना हे फार आवडते. वडीलधाऱ्यांच्या फलकातली चूक पकडण्याचा आनंद त्यांना एकदा लागला की इतिहास त्यांना पाठ करावा लागत नाही.

आज जहाजाला उपग्रह वाट दाखवतो, आणि जुन्या आग्वाद दीपस्तंभाचा दिवा कुणासाठीच लागत नाही. राखणदाराचे एक काम मात्र अजून उरले आहे, आणि ते आता आपल्याकडे आले आहे : वहीत खरी वेळ लिहिण्याचे.